कासारवडवलीचा टॉवर की नेरुळची जुनी बिल्डिंग? आईबाबा सोबत आहेत

नौपाडाकर
मंडळी, सल्ला हवाय. सध्या ठाण्यात नौपाड्यात भाड्याने राहतो, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय त्यामुळे जागा सोडावीच लागणार आणि इथे विकत घ्यायची आपली ऐपत नाही. दोन ठिकाणं बघून ठेवलीत. एक घोडबंदरला कासारवडवलीत नवा टॉवर, क्लबहाउस बिबहाउस सगळं. दुसरं नवी मुंबईत नेरुळला, सिडकोच्या (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) जुन्या बिल्डिंगमधला रिसेल, लिफ्ट नाही पण पहिला मजला. माझं ऑफिस ऐरोलीला. आईबाबा सत्तरीच्या पुढचे, दोघंही गाडी चालवत नाहीत. बाबांना संध्याकाळी तलावपाळीला, म्हणजे इथल्या तळ्याकाठी, चक्कर मारल्याशिवाय करमत नाही आणि आईला भाजी स्वतः निवडून लागते, ॲपवरून आलेली गवार बघून ती दिवसभर बोलत बसते. बायकोचं मत टॉवरला. नवी मुंबई म्हणे प्लॅन करून बांधलीय, तर वयस्कर माणसांना तिथे खरंच सोपं जातं का, की नुसते रुंद रस्ते?

खाडीपलीकडचा
रुंद रस्ते तर आहेतच, आणि ते ओलांडायला सिग्नल पुरत नाही हेही आहे. पण मी कुठलाही एरिया बघताना एकच गोष्ट बघतो, तिथे आधी काय आलं, घरं की रेल्वेगाडी. ठाण्यात १८५३ ला गाडी आली आणि मग त्या स्टेशनच्या आजूबाजूला गाव वाढत गेलं, म्हणून गोखले रोड काय, राम मारुती रोड काय, मधल्या गल्ल्यांतून कुठूनही कुठे निघता येतं आणि वाटेत चार दुकानं लागतात. आमच्या वाशीचं उलटं. सिडको १९७० ची, मुंबईला जोडणारा खाडीपूल १९७३ चा, सेक्टर बसले, माणसं राहायला आली, सगळं बसच्या भरवशावर. लोकल आली १९९२ ला, तीही सिडकोने खर्चातला ६७ टक्के वाटा उचलला तेव्हा. आणि स्टेशन कुठे, तर हायवेच्या पलीकडे. जुनी वस्ती आणि बाजार या बाजूला, मधे सायन-पनवेल हायवे. आजही सेक्टर १७ हून स्टेशनला जायचं म्हणजे फ्लायओव्हरखालून बाइकवाल्यांना चुकवत जायचं. त्यामानाने नेरुळ बरं, स्टेशन वस्तीच्या मधोमध आहे, दोन्ही बाजूंना उतरता येतं. आणि तुमच्या ऐरोलीला नेरुळहून ठाण्याची गाडी पकडली की थेट.

टॉवर_सी_विंग
घोडबंदरला बरीच वर्षं राहतेय म्हणून लिहिते, सगळंच वाईट नाहीये. कॉम्प्लेक्सच्या आत सासूबाई मजेत आहेत, गाड्या सगळ्या खाली पार्किंगमधे, वर मोकळं, बाकांवर त्यांचा ग्रुप जमतो, लाइट गेली तरी लिफ्ट चालू. प्रॉब्लेम गेटच्या बाहेर पाय टाकला की सुरू होतो. माझी मैत्रीण शेजारच्याच कॉम्प्लेक्समधे राहते, आमच्या गॅलरीतून तिच्या दोरीवर आज काय वाळत घातलंय ते दिसतं, पण तिच्याकडे जायचं तर आमच्या गेटमधून बाहेर, सर्व्हिस रोडला उभ्या गाड्यांच्या मधून, मग तिच्या गेटवर वहीत नाव, वॉचमन फोन लावणार, ती आंघोळीला गेलेली असली की आपण तिथेच उभे. दोन भिंतींमधून साधी पायवाट काढायचं कोणाच्याच मनात आलं नाही, प्रत्येक बिल्डरने आपापला प्लॉट बंद करून घेतला. त्यामुळे पाव आणायलासुद्धा मेन रोड, आणि त्याच मेन रोडला जेएनपीटी बंदराहून गुजरातला जाणारे ट्रेलर. गायमुख घाटात काम निघालं की तो दिवस गेलाच समजा. मेट्रोचे खांब बघत बघत माझा मुलगा दहावीला आला.

करावेगाव
नेरुलला भाजीची काळजी नको भाऊ, पण ती सिडकोच्या प्लॅनमुळे नाही एवढं सांगतो. प्लॅनमधे प्रत्येक सेक्टरला शाळेचा प्लॉट, गार्डनचा प्लॉट, दुकानांचा एक गाळा-ब्लॉक, बाकी फक्त राहायचं. माणसांना तेवढ्यात भागतंय थोडंच, हळूहळू तळमजल्याच्या घरांना शटर लागली, गिरणी आली, टेलर आला, डॉक्टर बसले, मग वापर बदलला म्हणून नोटिसा. आणि खरा बाजार गावात. ९५ गावांची जमीन या शहराला गेली, १९८४ ला जमिनीच्या आंदोलनात आमची माणसं पोलिसांच्या गोळीबारात गेली तेव्हा कुठे पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्याचे प्लॉट परत मिळाले, आणि गावं मात्र सेक्टरांच्या मधे तशीच राहिली, गल्ल्या चिंचोळ्या, घराला घर लागून. लोक नाकं मुरडतात पण सकाळी ताजी मासळी आणि पालेभाजी घ्यायला तिथेच येतात. फ्लॅट घेताना सेक्टरचा नंबर नंतर बघा, जवळ कुठलं गाव आहे ते आधी विचारा. गावाच्या कडेला घर मिळालं तर तुमच्या आईला नौपाडा आठवणार पण नाही.

पेठपाडा_लोकल
खारघर पण बघा की. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली, ११ किमी. त्याआधी आतल्या सेक्टरवाल्यांचे हाल विचारू नका, रिक्षावाला सांगेल तो भाव. आता बरं आहे. घर मेट्रो स्टेशनच्या पायी अंतरात असेल तरच.

नौपाडाकर
धन्यवाद सगळ्यांना. @टॉवर_सी_विंग तुमचं गॅलरीचं वाचून दाखवलं, बायको जरा गप्प झालीय. बाबांच्या चक्करचं काय पण? तलावपाळीसारखं काही आहे का तिकडे?

खाडीपलीकडचा
तलावपाळी नाही मिळणार, खोटं कशाला बोला. नेरुळला ज्वेल ऑफ नवी मुंबई आहे, तळ्याभोवती छान ट्रॅक, ते तळं मुळात भरतीच्या वेळी पावसाचं पाणी धरून ठेवायला केलेला होल्डिंग पाँड. चालायला एक नंबर. पण तलावपाळीला बाबा नुसते चालत नसणार, शेंगदाणेवाला, देऊळ, ओळखीचे चार लोक, जांभळी नाक्याचा गोंगाट, हे सगळं एका फेरीत होतं. इथे ट्रॅकवर जॉगर्स कानात घालून पळतात. बाबा बोलके असतील तर स्टेशनजवळचा कट्टा शोधतील, काळजी नको.

बघायला रविवारी दुपारी जाऊ नका, त्या वेळी घोडबंदरसुद्धा रिकामं वाटतं. कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला जा, दोघांना सोबत न्या आणि स्टेशन ते घर रिक्षा न करता चाला. पहिला मजला म्हणालात पण जुन्या बिल्डिंगचे जिने चढे असतात, आईला एकदा चढवून बघा. आणि जमीन सिडकोची लीजहोल्ड (भाडेपट्ट्यावरची) असेल तर ट्रान्सफर चार्जेस कोण भरणार ते टोकन द्यायच्या आधी लिहून घ्या, एजंट ते शेवटी सांगतात.