अनुभव धागा: कॅम्पसमधल्या पुस्तक भांडारातून कमी केलंय, दाद कशी मागायची?

सोलापुरातल्या एका कॅम्पसमधलं पुस्तक भांडार नव्या ठेकेदाराकडे गेलं आणि जुन्या विक्रेत्यांना, गोदामातल्या माणसांना तोंडी सांगून घरी बसवलं. नोटीस नाही, हिशेब नाही. आंदोलन करायचं पक्कं आहे, पण कसलं आणि कुठे यावर एकमत होत नाही. ज्यांनी ही कामं केली आहेत त्यांनी नेमकं लिहावं.

दुकानाचा हिशेब जाणणाऱ्याकडून

आंदोलनाच्या मांडवाचं नंतर बघा, आधी दुकानातल्या साठ्याचं बघा. पुस्तकाच्या दुकानातला माणूस आवाज करायला लागला की "तुमच्या काळात इतके नग कमी" असं पत्र काढणं सगळ्यात सोपं असतं. म्हणून ताबा देताना कपाटागणिक मोजणी मागा. संगणकातला आकडा, प्रत्यक्ष नग, फरक असे तीन रकाने आणि प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या. फरक येतोच, त्याची कारणं शेजारी लिहून घ्या: प्रकाशकाकडे परत गेलेल्या गठ्ठ्याची क्रेडिट नोट (परत मालाची जमा-नोंद) चढलेली नसते, प्राध्यापकांना दिलेल्या नमुना प्रती वजा झालेल्या नसतात, जुनी आणि नवी आवृत्ती एकाच कोडवर पडलेली असते. शेवटचा बिल नंबर, गल्ल्यातली रक्कम आणि किल्ल्या दिल्याची वेळही नोंदवा. ताबा आधीच काढून घेतला असेल तर "आमच्यासमोर मोजणी झालेली नाही" असं पत्र आजच द्या. तुमचं म्हणणं न ऐकता तुटीपोटी पगार कापता येत नाही.

आणि कोऱ्या कागदावर सही नको. "राजीनामा देत आहे" हे शब्द असलेल्या कागदावर तर अजिबात नको, कारण स्वतःहून सोडल्याचं दिसलं की कामावरून कमी केल्याची भरपाई तिथेच संपते. पैसे देत असतील तर घ्या, पण सहीच्या वर "हक्क राखून स्वीकारले" आणि तारीख लिहा.

कामगार कार्यालयातली कामं करणाऱ्याकडून

वर्षात २४० दिवस भरले असतील तर कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. शेवटी आला तो आधी बाहेर, हा नियम आहे. जुन्याला काढून नव्याला ठेवलं असेल तर तोच तुमचा पहिला मुद्दा. राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवा.

५ वर्षं झालेल्यांना ग्रॅच्युइटी वेगळी. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० असेल तर १३,००० गुणिले १५ भागिले २६, म्हणजे वर्षाला ७,५००. आठ वर्षांचे ६०,०००. शेवटचे सहा महिन्यांहून जास्त दिवस पूर्ण वर्ष धरले जातात. प्रत्येकाने आपला आकडा असा काढून ठेवावा. "आम्हाला न्याय द्या" यावर कुणी चेक लिहीत नाही.

भविष्य निर्वाह निधीचं पासबुक आजच उघडा. पगारातून कापलेली रक्कम भरलीच नसेल तर ती तक्रार स्वतंत्र जाते, तिला मोर्चाची गरज नाही. सहायक कामगार आयुक्तांकडे प्रत्येकाचा वेगळा अर्ज आणि एक सामूहिक अर्ज द्या. दोन प्रती न्यायच्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. ४५ दिवसांत तडजोड झाली नाही तर पुढे थेट औद्योगिक न्यायाधिकरणात दाद मागता येते. मांडवात बसलात म्हणून दाद मागायची मुदत थांबत नाही, दोन्ही बरोबर चालू ठेवा.

मांडव घालणाऱ्याकडून

पूनम गेटला बसलं की पत्रकार येतात, जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषद दोन्ही समोर. पण पुस्तक भांडाराचा निर्णय तिथे होत नाही, कॅम्पसच्या कार्यालयात होतो. माझं मत: एक दिवस पूनम गेटला धरणं आणि निवेदन, बाकीचे दिवस कॅम्पसच्या फाटकाबाहेर. पोलीस ठाण्यात अर्ज आठवडाभर आधी द्या. त्यात तारीख, वेळ, जागा, अंदाजे संख्या, दोन जबाबदार माणसं. शहरात जमावबंदीचा आदेश वरचेवर निघतो, पाच माणसांतही गुन्हा दाखल होऊ शकतो, म्हणून आदल्या दिवशी पुन्हा विचारून घ्या. शाळा-कॉलेजापासून १०० मीटर शांतता क्षेत्र, तिथे भोंगा लावू नका. शनिवार-रविवार सरकारी कार्यालयं बंद, तेव्हा निवेदन ठेवू नका.

एप्रिल-मेच्या उन्हात सोलापुरात दुपारी बारा ते चार माणसं बसवणं म्हणजे दवाखान्याची तयारी. सकाळी आठ ते अकरा बसा. मांडवाला वर हिरवी जाळी लावली तर वारा खेळतो, प्लास्टिकखाली भट्टी होते.

उपोषणाबद्दल थोडं

आमरण उपोषणाची घोषणा घाईने करू नये. मधुमेह, रक्तदाबवाला माणूस दुसऱ्या दिवशी पडतो, त्याला उचलून नेतात आणि बातमी मागणीची न होता तब्येतीची होते. साखळी उपोषण करा, रोज दोघं, नावं आधी जाहीर.

विद्यार्थ्यांबद्दल

वरच्या सगळ्याशी सहमत, पण वेळ जून-जुलैची धरा. प्रवेश आणि पुस्तकांची गर्दी तेव्हाच असते. गिऱ्हाईक अडवू नका, अडवणुकीचा गुन्हा तुमच्यावर येईल आणि पोरं बिथरतील. त्यापेक्षा फाटकाबाहेर टेबल टाका. कुठल्या वर्षाला कोणती आवृत्ती चालते, कोणता संदर्भग्रंथ ग्रंथालयातून घेतला तर भागतो, हे नव्या ठेकेदाराच्या माणसाला ठाऊक नसतं, तुम्हाला तोंडपाठ आहे. ती माहिती फुकट सांगा आणि हातात पत्रक द्या. पत्रक अर्ध्या पानाचं, त्यात तीन मागण्या आणि थकीत रक्कम. कुणा अधिकाऱ्याचं नाव घेऊन शेरा नको, अब्रुनुकसानीचं निमित्त मिळतं. वर्गणी घेतलीत तर पावतीपुस्तक ठेवा, संध्याकाळी हिशेब सगळ्यांसमोर वाचा.

चर्चेला बोलावलं की

तिघांनीच जावं, एकाने फक्त लिहावं. "बघतो, करतो" यावर उठू नका. लेखी आश्वासनात प्रत्येकाची रक्कम, देण्याची तारीख, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि जावक क्रमांक हवा. नव्या भरतीत जुन्यांना आधी बोलावण्याचं कलम राहून जातं, ते तिथेच घालून घ्या. ठेकेदार हात वर करत असेल तर मूळ संस्थेची सहीही मागा. ठेकेदाराने थकवलेल्या पगाराची जबाबदारी तिच्यावर येते.