अनुभव धागा: गावच्या घरातल्या राउटरवर पोर्ट उघडताना

घर गुहागरला नाहीतर आचऱ्याला, दाराला कुलूप, माणसं डोंबिवली-विरारला. खळ्यातला कॅमेरा किंवा माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरमधल्या फायली मुंबईतून बघायच्या असतील तर पोर्ट फॉरवर्डिंग हा एक रस्ता. बाहेरून राउटरच्या ठरावीक पोर्टवर, म्हणजे क्रमांक दिलेल्या दारावर, आलेली मागणी घरातल्या ठरावीक यंत्राकडे वळवायची, एवढंच काम. नियम लिहायला दोन मिनिटं लागतात, तो चालत का नाही हे शोधण्यात संध्याकाळ जाते. ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा: कुठला पोर्ट, कुठे अडलं, कशामुळे. ‘माणूस बोलावून घ्या’ हे उत्तर नको.

रत्नागिरीहून

पयलो वॅन पत्तो बघा, मगे बाकीचा. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, असतो. तो लिहून घ्या आणि घरच्याच वायफायवरून ‘माझा आयपी’ सांगणारी एखादी साइट उघडा. दोन्ही आकडे जुळले तर पुढे जा. जुळले नाहीत तर त्याचं कारण दूर होईपर्यंत नियम कितीही अचूक लिहा, उपयोग शून्य.

वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही सीजी-नॅटमागे आहात. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. बाहेरचा एक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. पोर्ट उघडायचा तर तो कंपनीच्या यंत्रावर उघडायला हवा आणि तिथे आपला हात पोचत नाही. १० ने सुरू होणारा किंवा १७२.१६ ते १७२.३१ मधला पत्ता दिसला तरी बहुधा हेच. अशा वेळी कंपनीकडे स्वतंत्र पब्लिक आयपी मागायचा. बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे पडतात. ‘स्टॅटिक’ (न बदलणारा) म्हणून भलतंच काही गळ्यात पडू नये म्हणून ‘पब्लिक’ हा शब्द अर्जात लिहाच.

चिपळूणहून

वरच्या तपासणीत वॅन आयपी १९२.१६८ चा निघाला तर बहुधा दोष घरातच आहे. फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, स्वतःच राउटर असतो. त्याच्या मागे आपण बाजारातून आणलेला दुसरा राउटर लावला की दोनदा नॅट, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल, होतं. मग एकतर ओएनटीवर नियम लिहून मागणी दुसऱ्या राउटरकडे आणि तिथून यंत्राकडे अशी दोन पायऱ्यांत वळवा, नाहीतर ओएनटी ब्रिज मोडला टाकून (म्हणजे त्याचं राउटरपण बंद करून) पीपीपीओई, म्हणजे कंपनीचं लॉगिन, आपल्या राउटरवर जोडा. ब्रिज करण्याआधी पीपीपीओईचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक (कंपनीने त्या जोडणीला दिलेला) कागदावर उतरवा. हे तीन हाताशी नसताना ब्रिज केलं की नेट गेलंच, आणि लाइनमन भरपावसात लगेच येईल ही आशा सोडा.

फक्त वायफायची रेंज वाढवायला दुसरा राउटर आणला असेल तर त्याला ॲक्सेस पॉइंट मोडला (नुसतं वायफाय देणारा) टाका, भानगडच मिटते. चिऱ्याच्या भिंतींच्या घरात तो लागतोच.

देवगडहून, बागेतल्या मांगरातले (शेतघरातले) कॅमेरे

डीव्हीआरसाठीचा (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्यासाठीचा) क्रम:

१. डीव्हीआरचा मॅक पत्ता (यंत्राचा कारखान्यातला ओळखक्रमांक) राउटरच्या डीएचसीपी रिझर्वेशनमध्ये (पत्ते राखून ठेवायच्या पानावर) घालून एक आयपी कायम करा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. हे राहिलं तर एखाद्या दिवशी लाइट जाऊन आल्यावर तो पत्ता मोबाइलला मिळतो आणि नियम मोबाइलकडे बोट दाखवत बसतो.

२. डीव्हीआरच्या नेटवर्क पानावर गेटवे, म्हणजे बाहेर जायची वाट, तपासा. तिथे राउटरचाच आयपी हवा. गेटवे रिकामा किंवा जुन्या राउटरचा असेल तर घरात चित्र छान दिसतं, बाहेरून काहीच नाही, कारण उत्तर परत जायला वाट नसते. सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच.

३. नियम लिहा. राउटरनुसार या पानाला व्हर्च्युअल सर्व्हर, पोर्ट मॅपिंग किंवा नॅट फॉरवर्डिंग म्हणतात. हिकव्हिजन कंपनीच्या डीव्हीआरचा ठरलेला पोर्ट टीसीपी ८०००, दाहुआचा टीसीपी ३७७७७, थेट चित्राच्या आरटीएसपीचा ५५४. वेबपानाचा ८० उघडू नका. तो अनेकदा राउटरच्या स्वतःच्या पानाशी भांडतो आणि ॲपला त्याची गरजही नसते.

४. तपासणी मोबाइल डेटावरून करा, वायफाय बंद ठेवून. घरात बसून बाहेरचा पत्ता टाकला तर बऱ्याच राउटरना तो वळसा जमत नाही आणि चालू असलेला नियमही बंद वाटतो. पोर्ट तपासणाऱ्या साइटवर ‘बंद’ दिसलं तर आधी डीव्हीआर चालू आहे ना ते बघा. पलीकडे ऐकणारं कोणी नसेल तर पोर्ट बंदच दिसणार.

चित्र अडकत असेल तर दोष पोर्टचा नाही, अपलोडचा. बाहेरून बघताना सबस्ट्रीम (कमी दर्जाचं हलकं चित्र) निवडा.

मालवणहून

ओएनटीवर नियम लिहिताना ‘वॅन इंटरफेस’ची यादी येते. त्यात दोन-तीन नावं असतात: एक इंटरनेटचं, एक फोनचं, एक टीआर-०६९ चं. नियम इंटरनेटवाल्यालाच चिकटवायचा. चुकीचं नाव निवडलं तरी डबा गुपचूप ‘सेव्ह’ म्हणतो. टीआर-०६९ म्हणजे कंपनीने लांबून डबा चालवायची वाट. तिकडून सेटिंग किंवा फर्मवेअर आलं की आपले नियम पुसले जाऊ शकतात. पानाचे फोटो काढून ठेवा.

दापोलीहून

लाइट गेली-आली की पीपीपीओई पुन्हा जोडलं जातं आणि स्टॅटिक नसेल तर पब्लिक आयपी बहुधा बदलतो. म्हणून डीडीएनएस, म्हणजे बदलत्या पत्त्यामागे फिरणारं कायमचं नाव: डकडीएनएससारखं फुकट नाव घ्या आणि ते अद्ययावत ठेवायचं काम राउटरवर सोपवा. राउटर आणि ओएनटीला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. मात्र दोन्हींच्या अडॅप्टरवरचे अँपिअर बेरीज करून मगच घ्या.

घरापासून मांगरापर्यंत तांब्याची लॅन केबल उघड्यावरून नेऊ नका. विजेच्या गडगडाटात ती राउटर आणि डीव्हीआर दोन्ही घेऊन जाते. मध्ये फायबर आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारा डबा) लावा. दोन्ही टोकांच्या विजेच्या तारांना सर्ज प्रोटेक्टर हवा तो हवाच.

कुडाळहून

देवगडकरांचा क्रम बरोबर आहे, पण डीव्हीआर थेट बाहेर उघडण्याच्या मी विरोधात आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातलेच पासवर्ड ठेवलेले हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. ८००० चा ५८००० केल्याने लपत नाही, शोधणारे सगळेच पोर्ट चाळतात. विंडोजचे ४४५ (फायली वाटायचा) आणि ३३८९ (लांबून कॉम्प्युटर चालवायचा) तर कधीच उघडू नका. २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस ४४५ मधूनच पसरला.

एकच पोर्ट उघडा: यूडीपी ५१८२०, वायरगार्डचा. वायरगार्ड म्हणजे चावीने उघडणारा घरापर्यंतचा खासगी बोगदा (व्हीपीएन). मागे रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) किंवा वायरगार्ड येणारा राउटर. चावी नसलेल्याला हा पोर्ट उत्तरच देत नाही. एकदा आत शिरलात की डीव्हीआर, फायली, प्रिंटर सगळं घरात बसल्यासारखं. अट एकच: गावची आणि मुंबईची आयपी मालिका वेगळी हवी. दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल तर फोन मुंबईतल्याच यंत्राला शोधत राहतो. गावची १९२.१६८.५७ करून टाका.

राउटरवरचं यूपीएनपी (यंत्रांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा. नाहीतर घरातलं कुठलंही यंत्र न विचारता पोर्ट उघडतं.

पुन्हा रत्नागिरीहून

पब्लिक आयपी मिळतच नसेल तर भाड्याचा छोटा व्हीपीएस, म्हणजे पब्लिक आयपी असलेला इंटरनेटवरचा सर्व्हर, घ्या. गावच्या रास्पबेरी पायने त्याच्याकडे वायरगार्ड जोडायचं, कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा संदेश) २५ सेकंद ठेवून, आणि मुंबईतल्या फोननेही त्याच्याकडेच. जोडणी आतून बाहेर जाते, त्यामुळे सीजी-नॅट आड येत नाही.

अलिबागहून

कनेक्शनला आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) असेल तर फॉरवर्डिंग नावाचा प्रकारच नाही. यंत्राला स्वतःचा जागतिक पत्ता असतो. राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये (बाहेरच्या मागण्या अडवणाऱ्या पहाऱ्यात) त्या यंत्राचा तेवढाच पोर्ट मोकळा करायचा. वैतागून अख्खी फायरवॉल बंद करू नका. बघणाऱ्याच्या नेटलाही आयपीव्ही६ हवं. मोबाइल डेटावर ते बहुधा असतं, ऑफिसच्या वायफायवर बऱ्याचदा नसतं.

वेंगुर्ल्याहून

फक्त कॅमेराच बघायचा असेल तर डीव्हीआरच्या कंपनीचं क्यूआर कोडवालं ॲप पुरे आहे. डीव्हीआर स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, पोर्ट लागत नाही. आणि सगळं बरोबर असून एका पावसाळ्यात बंद पडलं तर आधी लॅन केबलच्या टोकाचा आरजे-४५ कनेक्टर काढून बघा. खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडतात. कनेक्टर कापून नवा क्रिंप करा, घासत बसू नका.