सिस्टर्स ऑफ मर्सीला समीक्षकांनी एवढं का झोडपलं?

सेकंडशिफ्ट_उद्यमबाग:
मंडळी एक विचारायचं होतं. मी फाउंड्रीत मोल्डिंगला आहे आणि गेले दोन महिने कामावरनं आलो की सिस्टर्स ऑफ मर्सी हा इंग्लंडचा रॉक बँड ऐकायलोय, आधी १९८७ चा अल्बम फ्लडलँड, मग मागं जाऊन १९८५ चा फर्स्ट अँड लास्ट अँड ऑलवेज. लय भिडलं. खरं त्यांच्याबद्दल लिहिलेलं वाचायला बसलो तर काही मेळच लागंना, कोण म्हणतंय सगळं नाटकी, कोण म्हणतंय ड्रम मशीनमुळं (म्हणजे ड्रमचे ठोके आपोआप देणाऱ्या यंत्रामुळं) जीवच नाही, आणि आताचे लोक तेच अल्बम डोक्यावर घेऊन नाचतात. ते 'जीव नाही' मला पटतच नाही. आमच्यात नॉकआउटला, म्हणजे वाळूच्या साच्यातनं ओतकाम बाहेर काढायला, जाळीवर साच्याचा बॉक्स ठेवला की जाळी थरथरते, गरम वाळू खाली पडते, धडधड धडधड एकाच वेगानं, एक ठोका मागं नाही की पुढं नाही. नवीन पोरांचं पहिले आठ दिवस डोकं उठतं, मग हळूहळू त्याच आवाजात सूर ऐकू यायला लागतात, माझंही तसंच झालं. तर समीक्षकांना नेमकं काय खटकलं होतं? आणि याला इंडस्ट्रियल (यंत्रांच्या गोंगाटाचं संगीत) म्हणायचं का गॉथिक (अंधारं, उदास रॉक)?

तिसरं_गेट:
बरं झालं विचारलास भावा. हे बघ, १९८० ला लीड्समध्ये अँड्र्यू एल्ड्रिच आणि गॅरी मार्क्सनं बँड काढला तेव्हा एल्ड्रिच स्वतःच ड्रम वाजवायचा. तो गायला पुढं आला आणि ड्रमवर मशीन बसलं, त्याला नाव दिलं डॉक्टर अ‍ॅव्हलांच आणि आजपर्यंत ते मशीन बँडचा मेंबर म्हणूनच मोजतात. तिकडची संगीत साप्ताहिकं, एनएमई, मेलडी मेकर, साउंड्स, यांत लिहिणारे पंक रॉकच्या वाऱ्यात वाढलेले, त्यांना साधं, रोखठोक पाहिजे होतं आणि इथं स्टेजवर धूर, काळे कपडे, अंधारात गॉगल. 'गॉथ' (गॉथिकचंच छोटं रूप) हा शब्द तर शिवीसारखा वापरला गेला, एल्ड्रिच आजही तो शिक्का मानत नाही. त्यात फ्लडलँडला त्यानं मीटलोफची गाणी लिहिणारा जिम स्टाइनमन निर्माता म्हणून आणला आणि एका गाण्याला न्यूयॉर्कचे ४० च्या आसपास कोरस गायक उभे केले. लोकांनी मात्र ते गाणं ब्रिटनमध्ये ७ नंबरला आणि अल्बम ९ नंबरला नेऊन ठेवला. माझ्या मते समीक्षक कपडे बघून लिहीत बसले, कान नंतर लावले.

आणि तुझा दुसरा प्रश्न. काटेकोर बघितलं तर हे इंडस्ट्रियल नव्हे. तो शब्द लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसलनं १९७६ ला काढलेल्या इंडस्ट्रियल रेकॉर्ड्सवरनं आला. तुला भट्टीजवळचं पाहिजे असेल तर बर्मिंगहॅमचा गॉडफ्लेश ऐक, १९८९ चा स्ट्रीटक्लीनर. मुळात दोन माणसं आणि एक ड्रम मशीन.

वडगावची_लेक:
दादा, तुमचं नॉकआउटचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आमच्या घरात चार पॉवरलूम होते, मी त्याच आवाजात झोपले, त्याच आवाजात दहावीचा अभ्यास केला. रात्री लाइट जाऊन माग थांबले की आम्ही सगळी पोरं दचकून जागी व्हायचो. धोट्याचा खटका चुकला तर बाबांना पलीकडच्या खोलीतनं कळायचं की तार तुटली. लीड्स पण लोकरीच्या आणि कपड्यांच्या गिरण्यांचंच गाव ना, मला वाटतं तिथल्या माणसाला मशीनचा ठोका परका वाटलाच नसणार. आणि आपल्या भजनात तरी काय असतं, टाळ धरणारा लय सोडत नाही म्हणूनच बुवा मोकळा सुटतो. एल्ड्रिचचा तो खर्जातला आवाज तसाच सुटतो बघा, मशीन हलत नाही म्हणून.

निपाणीकर_बेस:
ताईंचं भजनाचं शंभर टक्के पटलं. खरं समीक्षकांचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. मी बेस वाजवतो म्हणून सांगतो, १९८५ च्या अल्बममध्ये क्रेग अ‍ॅडम्सचा बेस आणि वेन हसीचं गिटार मशीनला धरून ओढतात, त्या ताणात मजा आहे. ते दोघं बाहेर पडले, द मिशन काढला. नंतर १९९० च्या व्हिजन थिंगमध्ये गिटारची जाड भिंत आहे, तिथं मला ठोका नुसता हिशोबाला ठेवल्यासारखा वाटतो. त्यानंतर स्टुडिओ अल्बमच नाही, बँड कार्यक्रम मात्र करतोय. म्हणजे 'जीव नाही' हे एका ठिकाणी खरं, दुसऱ्या ठिकाणी साफ खोटं.

सेकंडशिफ्ट_उद्यमबाग:
सगळ्यांचे आभार. ताई, तार तुटल्याचं तुम्ही लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला, आमच्यात पण जाळीचा आवाज जरा बदलला की मिस्त्री लांबनंच हात वर करतो. निपाणीकर, व्हिजन थिंग मी अजून ऐकलेला नाही, आता १९८५ चा परत लावून फक्त बेसकडं लक्ष देतो आणि मग तोच ऐकतो. गॉडफ्लेशचं पहिलं गाणं आत्ता जेवणाच्या सुट्टीत लावलं, शेजारचा फेटलिंगचा (ओतकाम घासून साफ करणारा) पोरगा विचारायलाय, ग्राइंडर कुणी चालू ठेवलाय की काय.