अमेरिकेचे रात्रीचे कॉल: कायदा हवा की टीमची शिस्त?

घड्याळवाला: काम आणि घर यांचा मेळ म्हटलं की गाडी योगासनं आणि सुट्ट्यांवर जाते. आयटीत खरं दुखणं घड्याळाचं आहे. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे ६.३०, हिवाळ्यात ७.३०. कॅलिफोर्नियाचे ९ म्हणजे रात्रीचे ९.३० किंवा १०.३०. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात आणि सोमवारपासून आपला कॉल तासभर उशिरा होतो. मुलं जेवायला बसतात नेमकी तेव्हाच. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेरचा फोन न घेण्याचा हक्क आहे, फक्त तो नकार अवाजवी नसावा. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं, पण ते मंजूर झालं नाही. कायद्याशिवाय हे सुटायचं नाही.

रोटावाली: साफ असहमत. कायदा कॅलिफोर्नियातल्या क्लायंटचं कॅलेंडर बदलणार नाही. मीटिंगची मालिका भारतीय वेळेत तयार करा, म्हणजे घड्याळ बदललं तरी सरकेल ती त्यांची वेळ, आपली नाही. एक आठवडा रात्री, एक आठवडा आपल्या सकाळी ७.३० ला ठेवा. कॅलिफोर्नियात तेव्हा आदल्या संध्याकाळचे ६ किंवा ७ वाजलेले असतात. रोजच्या कॉलऐवजी निघताना चार ओळींचा हँडओव्हर: काय झालं, काय अडलं, कुणाकडे आहे, उद्या पहिलं काय. ऑन-कॉलला (बिघाड झाला तर फोन घ्यायच्या पाळीला) सहा जण, प्रत्येकाला एक आठवडा, आणि झोपेतून उठवायचं ते फक्त P1 ला, म्हणजे सगळ्यात गंभीर बिघाडाला. डिस्क ८० टक्के भरली म्हणून रात्री २ ला फोन वाजत असेल तर अलर्टची मर्यादा चुकली आहे. ती सकाळी बघायची गोष्ट.

नियमबुक: रोटा (पाळ्यांचं वेळापत्रक) उत्तम, पण तो मॅनेजरच्या मर्जीवर चालतो. मॅनेजर बदलला की रोटा गेला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मुळात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, ओव्हरटाइमला दुप्पट दर आणि हजेरीपासून सुटेपर्यंत, विश्रांती धरून, जास्तीत जास्त साडेदहा तासांचा पल्ला होता. सकाळी १० ची हजेरी आणि रात्री १०.३० चा कॉल हा पल्ला तिथेच साडेबारा तासांचा होतो. पण व्यवस्थापकीय आणि देखरेखीची पदं कायद्यातून वगळलेली आहेत, म्हणून पदनामात ‘लीड’ आलं की हिशेबच थांबतो. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ९ चे १० तास करायला मंजुरी दिली. वारं उलट दिशेने वाहतंय, म्हणून तर हक्क कागदावर हवा.

छोटी कंपनी: बारा माणसांच्या कंपनीने रात्री ९ नंतर फोन बंद केला तर कंत्राट दुसरीकडे जाईल. मग पगार कुठून द्यायचे?

नियमबुक: फोन बंद करायला कोण सांगतंय? युरोपीय संघात दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ११ तासांची विश्रांती देणं बंधनकारक आहे. तेवढंच घ्या: कॉल रात्री ११.३० ला संपला तर दुसऱ्या दिवशी १०.३० च्या आधी हजेरी नाही, स्टँडअप (टीमची रोजची छोटी बैठक) ही नाही. क्लायंटला याची झळसुद्धा लागत नाही.

रोटावाली: हे मान्य. पण ११ तास मोजायचे तर सुरुवात लॅपटॉपच्या लॉगआउटने करा, कॉलच्या शेवटाने नाही. कॉलनंतर मिनिट्स (बैठकीची टिपणं) लिहायला अर्धा तास जातो आणि तो कुठेच नोंदला जात नाही. म्हणून मिनिट्स कॉलमध्येच, स्क्रीन शेअर करून लिहा.

घड्याळवाला: आणि ‘लीड’चे तास कोण मोजणार? त्याचं उत्तर अजून कुणीच दिलेलं नाही.