ओगलेवाडी आणि तिच्यासारख्या वसाहती : आपले अनुभव

कराडचे रेल्वे स्थानक ज्या ओगलेवाडीत आहे, ती वाडी वाढली काचेच्या कारखान्याभोवती. ओगले बंधूंनी १९१६ मध्ये औंध संस्थानाच्या आश्रयाने तो उभारला आणि तेथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघर पोचला. गावोगाव वीज आली, कंदिलाची गरज ओसरली, पुढे कारखानाही बंद पडला; नाव तेवढे टिकले. मालकांचा इतिहास कोठे ना कोठे लिहिला जातो, परंतु भट्टीपाशी राबणाऱ्यांचे आणि त्यांच्या चाळींतले जगणे कोणी टिपून ठेवत नाही. म्हणून अशा कोणत्याही वसाहतीशी आपला संबंध आला असेल, तर आठवेल ते तपशिलाने लिहावे, ही विनंती.

*

माझे आजोबा ओगलेवाडीला काच फुंकण्याच्या कामावर होते. लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा आणि नळी सतत फिरवत बेताने फुंकायचे. हात थांबला की गोळा एका अंगाला ओघळतो, हे ते आम्हाला लाटणे हातात धरून दाखवत. तयार काच लगेच गार होऊ दिली तर तिच्यात ताण राहतो आणि ती पुढे केव्हाही तडकते, त्यामुळे ती सावकाश निववावी लागे. घरी नवी काच आणली की आजोबा तिला नखाने टिचकी मारून कानाशी धरत, आणि आवाज बद्द आला तर आजीला ती कंदिलावर चढवू देत नसत.

*

कोकणात आमच्या घरी प्रभाकर कंदील होता. तिन्हीसांजेच्या आधी त्याची काच राखेने पुसण्याचे काम माझ्याकडे असे, कारण तिच्यात माझाच हात शिरत असे.

*

मी वाढले ती वसाहत दुसऱ्या कारखान्याची; त्याचे नाव लिहीत नाही. खोली, शाळा, दवाखाना, पाणी, सारे कारखान्याचेच असल्यामुळे नोकरीबरोबर काय काय जाते, याचा विचार आमच्या घरात कधी झालाच नव्हता. भोंगा थांबला, त्यानंतर चार दिवसांनी नळ आटले, कारण पंप कारखान्याच्या विजेवर चालत असे. खोली रिकामी करण्याची नोटीस त्याही नंतर आली. ज्या शेजारच्या गावाला आम्ही 'बाहेरचे' म्हणत आलो होतो, त्याच गावच्या बायकांनी आपल्या विहिरीवर आईला रांगेत न थांबवता पहिली घागर भरू दिली.