स्पेसिंग "एकसारखं" म्हणायचं की "प्रमाणात"? आणि मार्जिन, पॅडिंगला मराठीत काय?

वेबसाइटच्या कामात क्लायंट हमखास म्हणतात, मोबाइल असो की मोठा मॉनिटर, झूम केलं तरी अंतर एकसारखं दिसलं पाहिजे. आता हे एकसारखं म्हणजे २४ पिक्सेल सगळीकडे २४च ठेवायचे का अक्षराच्या मानाने कमीजास्त करायचे? टीमसाठी मराठीत नियम लिहितेय, शब्द कुठले वापरू?

—

"प्रमाणात" लिहा. एकसारखं म्हटलं की माणूस आकडा धरून बसतो. झूम २०० टक्के केलं की पिक्सेलमधलं अंतर दुप्पट होतं आणि रेममधलंही (रेम म्हणजे अक्षराच्या मूळ आकाराच्या पटीत मोजायचं एकक) होतं, तिथे दोघांत काही फरक नाही (पिक्सेल झूम होत नाही असं पुष्कळांना वाटतं, तसं नाहीये). फरक पडतो तो कुणी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षराचा मूळ आकार १६ चा २४ केला की, मग रेमवालं अंतर अक्षरासोबत दीडपट वाढतं, पिक्सेलवालं आहे तिथेच राहतं आणि परिच्छेद एकमेकांना चिकटल्यासारखे दिसायला लागतात. कमी दिसणारी माणसं हेच सेटिंग वापरतात, त्यामुळे ही बारीकसारीक गोष्ट नाही. व्हीडब्ल्यू या एककाचं तर आणखीच वेगळं, तो खिडकीच्या रुंदीचा शंभरावा भाग, झूम करा नाहीतर नका करू, खिडकी तेवढीच, म्हणजे अक्षरं फुगतात आणि अंतर जागचं हलत नाही. नुसतं व्हीडब्ल्यू नकोच, क्लॅम्प घ्या (किमान आणि कमाल मर्यादा घालणारं फंक्शन), दोन्ही मर्यादा रेममध्ये द्या आणि मधे रेम अधिक व्हीडब्ल्यू.

—

मार्जिनला समास आहे की, वहीत सोडतो तोच.

—

अहो पण वहीतला समास कागदाच्या कडेच्या आत असतो ना! सीएसएसमध्ये (वेब पानाचं रूप ठरवणारी भाषा) चौकटीच्या आत असतं ते पॅडिंग, मार्जिन बाहेर. समास म्हणून शिकवलं की नवीन मुलं विचारतात बॅकग्राउंडचा रंग समासात का येत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. मी तरी "बाहेरचं अंतर", "आतलं अंतर" आणि गॅपला "मधलं अंतर" म्हणेन. गॅपला वेगळा शब्द हवाच, कारण साध्या लेआउटमध्ये एकाखाली एक दोन ब्लॉक आले की त्यांची मार्जिन्स एकमेकांत मिसळतात, ३० आणि २० मिळून ५० नाही होत, ३०च उरतात, फ्लेक्स-ग्रिड या मांडणीच्या पद्धतींमधल्या गॅपचं तसं होत नाही.

—

लाइन-हाइट विसरू नका. "ओळींमधलं अंतर" सगळ्यांना कळतं. त्याला युनिट लावू नका, १.६ असा नुसता आकडा द्या म्हणजे प्रत्येक ठिकाणी तिथल्या अक्षराच्या आकारावरून हिशोब होतो. आपल्या लिपीत वर रफार-वेलांटी, खाली उकार, इंग्रजीसाठी ठरवलेलं अंतर जसंच्या तसं मराठीला लावलं की ओळी दाटतात.

—

आणि "मोबाइल लेआउट"?

—

तो शब्द मी काढूनच टाकेन. १२८० पिक्सेल रुंद खिडकीत ४०० टक्के झूम केलं की ब्राउझरच्या लेखी ३२० उरतात, म्हणजे डेस्कटॉपवर बसलेल्या माणसालाही तोच लेआउट येतो, आणि तिथे आडवं स्क्रोल करायला लागू नये हे डब्ल्यूसीएजी २.१ या वेब सुलभतेच्या नियमावलीत २०१८ पासून आहे. "अरुंद लेआउट" म्हणा. ब्रेकपॉइंट (ज्या रुंदीला लेआउट बदलतो ती) मात्र ब्रेकपॉइंटच राहू द्या, सगळे तेच म्हणतात.