स्पेक्ट्रमवरील सुडोकू प्रोग्रॅम वापरायला सोपा कसा करावा?

प्रश्न (जळगाव):
नमस्कार मंडळी. 48के (48 किलोबाइट मेमरीच्या) झेडएक्स स्पेक्ट्रम या 1980च्या दशकातील घरगुती संगणकासाठी बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला माझा प्रोग्रॅम सुडोकू बिनचूक सोडवतो. मात्र कोडे भरताना प्रत्येक घरासाठी ओळ, स्तंभ आणि अंक टाइप करावे लागतात व दर वेळी अख्खी स्क्रीन नव्याने रेखाटली जाते, त्यामुळे वापरणारा कंटाळतो. काय सुधारावे?

उत्तर (भुसावळ):
भाऊ, हलता कर्सर द्या. बाण 5 ते 8 याच कळांवर आहेत, म्हणून त्या अंकांसाठीच राखाव्यात आणि हालचालीसाठी क्यू, ए, ओ, पी घ्यावेत. कर्सर हलवताना काहीही पुन्हा छापण्याची गरज नाही: रंगांची मेमरी 22528 या पत्त्यापासून सुरू होते, तेव्हा त्यात 32 गुणिले ओळ अधिक स्तंभ मिळवून तिथे पोक केले (म्हणजे नवा रंग लिहिला), की तेवढीच चौकट उजळते. आधीचा रंग पीक करून (म्हणजे वाचून) जपून ठेवावा, म्हणजे कर्सर पुढे सरकल्यावर तो परत देता येतो.

उत्तर (धुळे):
सहमत. प्रत्येक घराला 2×2 अक्षरांची जागा दिल्यास, दोन मोकळ्या पट्ट्या धरूनही जाळी 20 ओळींत मावते आणि शेजारी 12 स्तंभ सूचनांसाठी उरतात. दिलेले अंक काळे, प्रोग्रॅमने काढलेले निळे ठेवावेत. नियमात न बसणारा अंक मात्र भरतानाच अडवला पाहिजे. माझ्या मते हीच सुधारणा सर्वांत निकडीची आहे.